सवलत एसटीची, खर्च रिक्षाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग आणि गरीब रुग्णांच्या प्रवासाची चर्चा एसटीच्या सवलतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सवलती खरोखर चांगल्या आहेत. दिव्यांगांना साध्या गाडीत 75 टक्के, दिव्यांगत्व 65 टक्क्यांहून अधिक असेल तर सोबत्याला 50 टक्के, डायलिसिसच्या आणि सिकलसेल, हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांच्या रुग्णांना मोफत, आणि 26 ऑगस्ट 2022पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनाही मोफत. तरीही वाडीवरचा माणूस जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे टाळतो, कारण त्याचे पैसे एसटीत जातच नाहीत. समजा तिकीट 80 रुपयांचे, सवलतीत ते 20वर आले. वाडीवरून फाट्यापर्यंत रिक्षाचे 100, स्थानकातून रुग्णालयापर्यंत 50. जाऊन-येऊन 340 रुपये, त्यात एसटीचे फक्त 40. शेवटची गाडी चुकली तर वडाप, म्हणजे खासगी जीप, आणि वडापला कुठलीच सवलत नाही.

108ची रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णासाठी आहे, 102 गरोदर माता आणि बाळांसाठी. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस या दोन्हींत बसत नाही. त्याला रुग्णवाहिका नकोच आहे, वेळेवर एसटी आणि बसायला जागा हवी आहे. डायलिसिस चार तासांचे. सुया लावणे, काढल्यावर जागा दाबून धरणे, रक्तदाब पाहणे धरून पाच तास मोडतात. केंद्र तीन पाळ्यांत चालत असेल तर पहिली सकाळी सातला सुरू होते, तेव्हा गावची मुक्कामी गाडी जेमतेम रस्त्याला लागलेली असते. तिसरी पाळी रात्री दहाच्या सुमारास सुटते, तोवर परतीची शेवटची फेरी गेलेली असते. म्हणजे खेड्यातल्या रुग्णाला दुपारची मधली पाळीच परवडते. पण पाळी ठरते ती कुठले मशीन रिकामे आहे त्यावरून. शहरातल्या रुग्णांना पहिली आणि तिसरी, बाहेरगावच्यांना मधली, एवढे वेळापत्रक समोर ठेवून केले तर एक रुपयाही जादा लागत नाही.

डायलिसिसनंतर रक्तदाब उतरू शकतो, अशा माणसाने दांडीला धरून उभे राहणे धोक्याचे आहे. राखीव आसन असते, पण गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल पडलेला असतो. वाहतूक नियंत्रकाकडे त्या फेरीच्या रुग्णांची संख्या आधी पोहोचली, तर वाहक दार उघडण्यापूर्वी ती आसने मोकळी ठेवू शकतो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या खेपांचेही तसेच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले, पण तपासणीच्या दिवशी त्या सगळ्यांचे तज्ज्ञ हजर नसतात. कानाची तपासणी होणार नसलेल्या दिवशी कर्णबधिर मुलाला बोलावले की आईची मजुरी बुडते आणि दुसरी खेप पडते. अर्ज ऑनलाइन येतात, त्यामुळे कोण कुठल्या तालुक्याचा आणि कुणाला कुठला तज्ज्ञ लागणार हे रुग्णालयाला आधीच कळते. तालुकावार दिवस द्यावेत, आणि त्या तालुक्याचा बाजाराचा दिवस टाळावा. बाजारादिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि फाट्यावर रिक्षाही मिळत नाही.

आता गाडीत चढण्याचे. साध्या एसटीची फरशी जमिनीपासून मीटरभर उंच धरा. चाकाच्या खुर्चीला 1:12 उतार लागतो, म्हणजे 12 मीटर लांब रॅम्प, जवळजवळ गाडीएवढाच. रॅम्पची मागणी इथेच निकालात निघते. उपाय दोन, गाडीला लिफ्ट किंवा स्थानकात फरशीच्या उंचीचा ओटा. पण आपल्या स्थानकांत गाडी फलाटाला नाक लावून उभी राहते आणि दार बाजूला असते. खुर्चीवरच्या प्रवाशाला फलाटावरून खाली उतरून दोन गाड्यांच्या फटीतून दारापर्यंत जावे लागते. खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते, ती तिथे नसते. म्हणून प्रत्येक स्थानकात कडेचा एक फलाट असा ठरवावा, जिथे गाडी बाजूने लागेल. ओटा तिथेच बांधता येतो, आणि एवढ्याशा कामासाठी सगळे स्थानक पाडायची गरज नाही. लिफ्टची गाडी आली तर खुर्ची तिच्या चौकटीला चार ठिकाणी पट्टे लावून गाडीच्या फरशीला बांधायची, चाकांना पट्टे लावून नव्हे, आणि माणसाला पट्टा वेगळा लावायचा. नुसत्या ब्रेकच्या भरवशावर ठेवलेली खुर्ची घाटाच्या वळणावर कलंडते.

हे सगळे जुळवायला नवी समिती नको. दिव्यांग हक्क कायद्याच्याच कलम 72मध्ये जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. तिच्या बैठकीला एसटीचे विभाग नियंत्रक आणि जिल्हा शल्यचिकित्सक एका टेबलावर बसावेत. रोजचे काम आगारातल्या एका माणसाने आणि रुग्णालयातल्या एका माणसाने फोनवर करायचे: गाव, फेरी, चाकाची खुर्ची आहे की नाही. नाव किंवा आजार आगाराला कळायचे कारण नाही.

फाट्यापर्यंतच्या रिक्षाचा प्रश्न ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायच्या 5 टक्के निधीतून सुटू शकतो. हा निधी मार्चअखेर एकदाच वाटून संपवण्यापेक्षा, दिव्यांग प्रवाशांसाठी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या एसटीला जोडून एक रिक्षा महिन्याच्या बोलीने लावावी. तीन-चार लगतच्या ग्रामपंचायतींनी मिळून लावली तर रिक्षावाल्यालाही परवडते.

एक गोष्ट मात्र उन्हाळ्याआधी व्हायला हवी. खेड्यांतल्या बऱ्याच फेऱ्या विद्यार्थ्यांच्या पासवर चालतात आणि शाळा सुटल्या की बंद होतात. डायलिसिसला मे महिन्याची सुट्टी नसते. फेरी बंद करण्यापूर्वी त्या मार्गावर किती रुग्ण आहेत हे आगाराने रुग्णालयाला विचारावे. आयत्या वेळी फेरी रद्द होणार असेल, तर आदल्या संध्याकाळी रुग्णालयात फोन करावा, म्हणजे त्या रुग्णाची पाळी बदलता येईल.

आपले,
ग्रामीण रुग्ण व दिव्यांगांच्या प्रवासासाठी काम करणारे कार्यकर्ते