आकाशात आलेल्या डागांबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले तुमच्या जलरंगातल्या चित्राचे चारही फोटो मोठे करून पाहिले. खाडीचं पाणी सुरेख उतरलंय. आकाशात मात्र कोबीच्या पानांच्या कडांसारखे डाग आलेत आणि त्याचा दोष तुम्ही थरथरत्या हाताला दिलात. तसं नाहीये. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धवट सुकलेला असताना त्यावर पुन्हा ओला ब्रश फिरला. जादा पाणी कमी ओल्या भागात शिरतं, रंगाचे कण पुढे लोटतं आणि जिथे थांबतं तिथे कड उमटते. हे विशीतल्या विद्यार्थ्याचंही होतं.

आकाशाचा रंग वाटीत आधीच भरपूर कालवून ठेवा. मध्येच संपला तर पुन्हा तीच छटा जमत नाही, आणि तोवर कड सुकते. बोर्डाच्या वरच्या कडेखाली दोन जाड पुस्तकं सरकवा. १२ नंबरचा गोल ब्रश पूर्ण भरून आडवा ओढा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ साठेल, तोच पुढच्या पट्ट्यात घेत चला. तळाशी उरलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपा, नाहीतर तेच उलटं वर चढतं. मग हात मागे घ्या, कितीही मोह झाला तरी.

आई, सुकलंय की नाही हे तू ठरव, बाबांना धीर नसतो. बोटांची मागची बाजू कागदाला लावायची. गार लागलं तर चकाकी गेली असली तरी आत ओल आहे. ड्रायर वापरलात तर चकाकी गेल्यावरच आणि फूटभर लांबून, नाहीतर वारा ओला रंग ढकलतो.

फोटोत कागद फुगलेला दिसतो. पूर्ण सुती, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. २२ × ३० इंचांच्या एका तावाचे चार तुकडे होतात. दमट हवेत कागदावरचं साइझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, खराब होतं. मग रंग टिपकागदावर पडल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो आणि तो कागद वाया जातो. म्हणून ताव सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत आडवे ठेवा.

थरथरीसाठी शून्य नंबरचा ब्रश बाजूला ठेवा. मोठा ब्रश मागून धरा, उभे राहा, हात खांद्यापासून फिरू द्या. चित्रकार सावळाराम हळदणकर १८८२ सालचे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र १९४५-४६ चं, म्हणजे साठी उलटल्यावरचं, आणि तेही जलरंगातलं. साठीनंतर जलरंग झेपत नाहीत, असं मला कुणी सांगू नये.

मला काळजी आहे ती डोळ्यांची. तुमच्या सावल्यांत तपकिरी वाढत चाललाय. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा पुरेसा आत पोचत नाही. फ्रेंच चित्रकार मोनेचंही तेच झालं होतं. १९२३ मध्ये शस्त्रक्रिया होईपर्यंत तो ट्यूबवरची नावं वाचून रंग घ्यायचा. याच महिन्यात डोळे तपासून घ्या. तोवर पॅलेटवरचा रंगांचा क्रम बदलू नका, आणि राखाडी हवा असेल तेव्हा काळ्या ट्यूबऐवजी अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळा.

पुढचे फोटो खिडकीशी, दिवसाउजेडी काढा. ट्यूबलाइटखाली मला निळा नीट कळत नाही.

तुमची लेक