मेक्सिको सिटीतल्या पोर्तालेस वस्तीच्या सेन्योरांना (बाईंना), वसईहून

प्रिय सेन्योरा,

या पत्राचं स्पॅनिश करून मी तुमच्या नातीकडे पाठवणार आहेच. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते माझ्या भाषेतल्या माणसांनाही कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून आधी मराठीत लिहितेय.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही मेक्सिको सिटीत आलो, तेव्हा लेक तान्ही होती. माहेर-सासर दोन्ही वसईत. बाळंतिणीच्या घरात कुणीतरी मोठं माणूस लागतं, ते तुम्ही झालात. पहिल्यांदा दार वाजवलंत ते हातात मातीचं कासुएला घेऊन. आत टोमॅटोच्या लाल रश्श्यातलं बीफ, वर बटाट्याच्या फोडी, शेजारी फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या. मी वसईची ख्रिस्ती, हे ऐकल्यावर तुम्ही संत गोन्सालो गार्सियाचं नाव घेतलंत आणि मी थक्क झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत ज्या 26 जणांना क्रुसावर मारलं, त्यांत आमच्या वसईचा गोन्सालो होता आणि तुमच्या शहरात जन्मलेला फेलिपे दे हेसुसही. दोघांना 1862 मध्ये एकाच दिवशी संतपद मिळालं. आमच्याकडे गोन्सालोच्या नावाचं कॉलेज आहे, तुमच्याकडे फेलिपेचा सण त्याच 5 फेब्रुवारीला असतो. त्या दिवसापासून तुम्ही मला ‘मिहा’ म्हणू लागलात. पोरी म्हणतो ना आपण, तसं.

मग मला पोर्तालेसच्या मंडईत नेलंत. खाटकाकडे चांबारेते मागायचं, म्हणजे पायाचं, नळीसकट आडवं कापलेलं मांस, हे तिथे शिकले. त्यात शिरा आणि मज्जा असते, रस्सा त्यानेच अंगचा दाट होतो. टोमॅटो ग्वाहे जातीचे, लांबट, गराचे, पाणी कमी असलेले. मिरची ग्वाहियो: सुकी, गुळगुळीत सालीची, तिखटापेक्षा रंगाला जास्त.

तुमचं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंच. पाणी 92-93 अंशांनाच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या भांड्यात चांबारेते मऊ व्हायला जास्तच वेळ लागतो. तुमच्या ओट्यावरचा कुकर बघून मला केवढा धीर आला! आमच्यासारख्या शिट्ट्या तुम्ही मोजत नाही. वाफेने सूर धरला की घड्याळ लावायचं, पाऊण तास. किलोभर मांस, अर्धा कांदा, लसणीच्या दोन पाकळ्या, तमालपत्र, मीठ. निघालेलं पाणी जपून ठेवायचं.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. साल्सा, म्हणजे या रश्श्याचं वाटण.

आठ टोमॅटो, पाव कांदा, लसणीच्या तीन पाकळ्या सालीसकट कोमालवर, म्हणजे सपाट तव्यावर, तेलाचा थेंबही न घालता ठेवायच्या. टोमॅटोची साल फुटून काळे डाग पडेपर्यंत. चार मिरच्या बिया काढून त्याच तव्यावर काही क्षणच. रंग गडद झाला की उचलायच्या, कारण करपलेली ग्वाहियो सगळा रस्सा कडू करते. गरम पाण्यात भिजवायच्या. मग लसूण सोलून सगळं एकत्र वाटायचं, डावभर मांसाचं पाणी घालून, आणि गाळायचं. गाळणीत उरलेली साल तुम्ही निर्दयपणे फेकून द्यायचात. इथवर बरेचजण करतात. पुढचं बरेचजण सोडून देतात, म्हणून तुम्ही माझा हात धरून ते करवून घेतलंत: जाड बुडाच्या भांड्यात डुकराची चरबी चांगली तापवायची आणि वाटण त्यात एकदम ओतायचं. ते उसळतं, शिंतोडे उडतात. घाबरायचं नाही, ढवळत राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत कच्चट केशरी रंग जाऊन विटकरी होतो, आंबट वास गोडसर होतो, कडेला चरबी सुटते. आमच्याकडे वाटण तेल सुटेपर्यंत परततात, हे हाताला ठाऊक होतं; पण नुसत्या टोमॅटोवर एवढा वेळ द्यावा हे मला तुम्ही शिकवलंत. मांस, बटाटे, राखलेलं पाणी, चिमूटभर जिरं आणि चुरडलेला ओरेगानो त्यानंतर. झाकण अर्धं उघडं ठेवून मंद आचेवर अर्धा तास.

तुम्ही कधी वजन-माप सांगितलं नाहीत. वरचे आकडे माझे आहेत, तुमच्या मुठी बघून उतरवलेले. मी विचारत राहायचे, तुम्ही पुन्हा करून दाखवायचात, दर वेळी तितक्याच शांतपणे, कडेवर माझी लेक घेऊन. तेवढ्या वेळात मला बसून जेवता यायचं. याचे आभार कसे मानतात, मला माहीत नाही.

आता आम्ही वसईला परतलोय. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाचं मांसही बंद आहे, म्हशीचं मिळतं, तेच नळीसकट आणते. कुकरमध्ये दहा मिनिटं जास्त ठेवते. ग्वाहियोच्या जागी ब्याडगी. सालीला पातळ आहे, पण रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. टोमॅटो भरताच्या वांग्यासारखे थेट गॅसवर भाजते. सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा त्यांना बाटली मसाल्याची, आमच्या ख्रिस्ती घरांतल्या नेहमीच्या मसाल्याची, उणीव वाटली, दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःहून पातेलं पुढ्यात ओढलं. तोर्तियाच्या जागी तांदळाची भाकरी. तुमच्या मक्याच्या पिठाला चुन्याच्या पाण्याचा जो वास असतो, तो मात्र इथे कशालाच नाही, आणि त्याची आठवण येते.

लेक आता तिखट खाते. तिला मी सांगितलंय की हा रस्सा तुझ्या पोर्तालेसच्या आजीचा आहे, आणि घरात त्याला तेच नाव पडलंय. पुढच्या फेब्रुवारीत फेलिपेच्या सणाला तुम्हाला फोन करू, तेव्हा तीच बोलेल तुमच्याशी. गुडघ्यांची काळजी घ्या, मंडईच्या पिशव्या नातीला उचलू द्या.

तुमची,
वसईची मिहा