एका संघात दोन कर्णधार

सिडनी, केप ब्रेटन बेट,
कॅनडा
२७ मार्च २०२४

प्रिय मनीषा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या कबड्डी संघातल्या त्या दोघींचं वाचून काळजी वाटली. एक जुनी कर्णधार, दुसरी दुसऱ्या संघातून आलेली, तिथली कर्णधार आणि चढाईत हिच्यापेक्षा सरस. दोघीही चांगल्या, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद. "एका म्यानात दोन तलवारी कशा ठेवू?" असं तू विचारलंस. लगेच उत्तर लिहिणार होते, पण गेले नऊ दिवस आमच्या या छोट्या शहरात महिलांची जागतिक कर्लिंग स्पर्धा होती आणि काम संपलं की माझी पावलं सेंटर २०० या स्टेडियमकडेच वळायची. उशीर झाला ते एका परीने बरंच झालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे बर्फावर बघायला मिळालं.

हे सिडनी ऑस्ट्रेलियातलं नव्हे, हे तुला माहीत आहेच. कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेलं गाव. खाणी गेल्या, पोलादाचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला. आता इथे विद्यापीठामुळे आपली भारतीय मुलं जागोजागी दिसतात. अशा गावात १३ देशांचे संघ उतरले होते. जपान, कोरिया, तुर्कस्तान, एस्टोनिया, अगदी न्यूझीलंडसुद्धा!

खेळ थोडक्यात सांगते. सुमारे ४५ मीटर लांब बर्फाची पट्टी, पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळं. जवळपास २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड घसरवत त्या वर्तुळांच्या मध्याशी नेऊन थांबवायचा. संघात चौघी, प्रत्येकीला दोन दगड. दोन्ही संघांचे मिळून १६ दगड झाले की एक एंड संपतो. मग ज्यांचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ, त्यांनाच गुण. असे १० एंड. ज्या संघाकडे एंडचा शेवटचा दगड, त्याचं पारडं जड. आणि गुण मिळवला की पुढच्या एंडचा शेवटचा दगड प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणून एक गुण पदरात पाडून घ्यायचा की कुणालाच गुण न देता शेवटचा दगड आपल्याकडे राखायचा, यावर त्या सतत बोलत असतात. पण विचारालाही माप आहे: अख्ख्या सामन्यात एका संघाला विचार करायला ३८ मिनिटं. तेवढ्यात काय ते ठरवायचं.

एके दिवशी मी लवकर जाऊन अगदी पुढच्या रांगेत बसले. सामन्याआधी एक माणूस पाठीवर फवारणीच्या पंपासारखी टाकी घेऊन पट्टीवरून उलट्या पावली चालत येत होता. हातातली नळी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एका लयीत. पाण्याचे बारीक थेंब पडले की जागच्या जागी गोठतात आणि गुळगुळीत बर्फावर खडबडीत दाणे उठतात. दगड त्या दाण्यांवरून जातो. सोडताना मुठीला हलकीशी गिरकी दिली की वाटेत तो हळूहळू वळतो. पुढे दोघी ब्रशने बर्फ घासत धावतात. घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित गरम होतो, घर्षण कमी होतं, आणि दगड जरा लांब जातो, कमी वळतो. मनीषा, त्या घासणाऱ्या मुलींचे खांदे बघायला हवे होतेस! अख्खं वजन ब्रशवर टाकलेलं, नजर दगडावर, आणि पलीकडून कर्णधार गळ्याच्या शिरा ताणून ओरडतेय. दगड हातातून सुटला की टाकणारीच्या हातात काहीच उरत नाही. पुढचं सगळं बाकीच्या तिघींवर.

आता मुद्द्याची गोष्ट. या खेळात कर्णधाराला स्किप म्हणतात. रीत अशी की शेवटचे दोन दगड स्किपच टाकते. सगळ्यांत अवघड फटका, सगळ्यांत मोठा मान. स्वित्झर्लंडची स्किप सिल्वाना तिरिंझोनी मात्र तिसरी टाकते. शेवटचे दगड तिने आलिना पेट्सला दिलेत. आणि ही पेट्स म्हणजे कुणी शिकाऊ पोरगी नव्हे. २०१५ मध्ये जपानच्या सापोरोत तिने स्वतः स्किप म्हणून कॅनडाला हरवून विश्वविजेतेपद घेतलं होतं. म्हणजे तुझ्याकडे आलेल्या मुलीसारखीच, स्वतःचा संघ चालवलेली. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये तिरिंझोनीच्या संघाला पहिल्या चारांतही जागा मिळाली नाही, आणि त्याच वर्षी दोघी एकत्र आल्या. तिरिंझोनी पलीकडे उभी राहून डाव आखते, ब्रश धरून खूण दाखवते, आणि पेट्स निर्णायक दगड टाकते. पुढे काय झालं बघ: २०१९, २०२१, २०२२, २०२३, ओळीने चार विश्वविजेतेपदं. २०२० ची स्पर्धा करोनामुळे झालीच नव्हती. तिरिंझोनीचा जन्म १९७९ चा, महिलांची पहिली जागतिक स्पर्धा स्कॉटलंडमधल्या पर्थला झाली त्याच वर्षीचा. या वयात ती जगातल्या पोरींना भारी पडतेय!

अंतिम सामना रविवारी, नेमका होळीच्या दिवशी. समोर कॅनडाची रेचल होमन. ती आणि एमा मिस्क्यू लहानपणापासून ओटावात एकत्र खेळलेल्या. २०१७ मध्ये बीजिंगला त्यांच्या संघाने एकही सामना न हरता विश्वविजेतेपद जिंकलं होतं, तर पुढच्याच वर्षी ऑलिंपिकमधून रिकाम्या हाताने परतावं लागलं. २०२१ मध्ये होमन आठ महिन्यांची गरोदर असताना राष्ट्रीय स्पर्धा खेळली आणि संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेली. ते मला इथल्या शेजारच्या आजींनी किती अभिमानाने सांगितलं!

आणि तिच्याही संघात दुसरी कर्णधार आहेच. ट्रेसी फ्लरी, आधी स्वतःच्या संघाची स्किप. २०२२ मध्ये ती आली तेव्हा डाव फ्लरी आखायची आणि शेवटचे दगड होमन टाकायची. त्याच मोसमात ते बदलून पुन्हा होमनकडे सूत्रं आली आणि फ्लरी उपकर्णधार झाली. कुणी रुसून निघून गेलं नाही. म्हणजे अंतिम सामन्यात दोन्हीकडे दोन-दोन तलवारी, पण वाटणी अगदी वेगवेगळी. मला यातलं सगळ्यांत महत्त्वाचं हे वाटलं की वाटणी मानावरून झालेली नव्हती. कोण काय जास्त चांगलं करतं, एवढंच पाहिलं गेलं, आणि जमत नाही असं दिसल्यावर ती बदलायची तयारीही होती.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. कॅनडाने ७-५ असा जिंकला आणि २०१८ नंतर पहिल्यांदा विश्वविजेतेपद परत आणलं. सगळं स्टेडियम उभं राहिलं. कोरियाला कांस्य मिळालं. मी टाळ्या कॅनडासाठी वाजवल्या, पण नजर तिरिंझोनीवरच होती. चार वर्षं ज्या मांडणीने जिंकवलं, तिच्याच भरवशावर ती हरतानाही खेळली.

तर तुझ्या त्या दोघींबद्दल. कर्णधारपद जुनीकडेच ठेव, पण शेवटच्या पाच मिनिटांत चढाईला कोण जाणार हे नवीवर सोपव, आणि दोघींना समोरासमोर बसवून हे तू स्वतः सांग. कुणा तिसऱ्याकडून कळू देऊ नकोस. आधी सरावाच्या सामन्यात करून बघ, नाही जमलं तर बदल. जुनीला हा अपमान वाटला तर तिला सांग, जगज्जेती कर्णधार शेवटचा दगड दुसरीच्या हाती देते. तिरिंझोनीच्या सामन्यांची चित्रफीत मी पाठवते, मुलींना दाखव. नियम नाही समजले तरी चालतील.

जिल्हा स्पर्धा कधी आहे ते कळव. काकूंना नमस्कार सांग, आणि तुझा गुडघा आता कसा आहे तेही लिही. मागच्या पत्रात ते टाळलंस.

तुझी,
सुजाता