झुंबर नवे, वायरिंग जुने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत रंगकाम निघते आणि पाठोपाठ नवे दिवे, झुंबरे लागतात. ‘एलईडी आहे, दहा वॅटचा, त्याने काय होणार?’ असे लोक म्हणतात. वायरमनकीत आयुष्य गेलेल्या मला हे ऐकवत नाही. प्रश्न लोडचा नाहीच. लाकडी पट्टीतली ती वायर रबराची, वर सुती वेष्टण. वर्षानुवर्षे शंभर वॅटचा बल्ब जळून छतापाशी ते रबर पार भाजलेले असते. सीलिंग रोझ (छतावरची वायर जोडायची गोल डबी) उघडून वायर जरा वाकवली, की आवरण पापडासारखे मोडून हातात येते आणि तार उघडी पडते. तिलाच नवा दिवा जोडून वर टेप गुंडाळतात!

धातूच्या बॉडीच्या दिव्याला तीन वायरी असतात. जुन्या घरात छतापर्यंत दोनच आलेल्या. मग हिरवी, म्हणजे अर्थिंगची, कापून टाकतात. त्याहून घातक म्हणजे ती न्यूट्रलला जोडतात. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला, तर बटण चालू करताच 230 व्होल्ट थेट बॉडीवर येतात. धूळ पुसायला स्टुलावर चढलेल्या माणसाला याची कल्पनाही नसते. दुकानदारांनी फिटिंगला परवानाधारक वायरमनच पाठवावा, ही कळकळीची विनंती.

जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलेही आढळते. दिवा बंद, तरी होल्डरमध्ये फेज हजर! म्हणून आधी मेन स्विच बंद करावा, टेस्टरने तपासावे, मगच हात घालावा.

मालक-भाडेकरू वादात वायरिंगचा खर्च कोणी करायचा हे ठरत नाही, हे मी जाणतो. पण तोवर मेनपाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच तरी बसवून घ्यावा. घरात अर्थिंग नसले तरी माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट ओळखून तो पुरवठा तोडतो. जुन्या वायरिंगवर तो वारंवार पडतो, म्हणून लोक कंटाळून काढायला लावतात. कृपया काढू नका. तो पडतो तेव्हा बहुधा कुठेतरी करंट झिरपत असतो. मेगर (वायरचे आवरण तपासायचे यंत्र) लावून ती जागा शोधून घ्या आणि निदान दिव्यांची लाइन तरी अर्थिंगसह नवी ओढून घ्या.

– एक निवृत्त वायरमन, सदाशिव पेठ, पुणे