तुमच्या एचएचओ किटची बाटली फुटली, पैसे परत करा आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना आधी कळवा

प्रति,
कस्टमर केअर विभाग

नमस्कार,

तुमच्याकडून मागवलेलं 'पाण्यावर मायलेज वाढवा' वालं एचएचओ किट (बाटलीतल्या पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र गॅस बनवून इंजिनला देणारं) आमच्या जुन्या पेट्रोल व्हॅनला गॅरेजमध्ये तुमच्याच पत्रकाप्रमाणे बसवलं, आणि गेल्या आठवड्यात सकाळी स्टार्टर मारल्या मारल्या इंजिनने बॅकफायर केला, आग इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा ओढणाऱ्या, नळीतून मागे बाटलीत गेली आणि बाटली फुटली. आवाज एवढा की पलीकडच्या पिठाच्या गिरणीतली माणसं पळत आली. झाकण बॉनेटच्या आतल्या फोममध्ये रुतून बसलं होतं, आणि बाटलीतलं कॉस्टिकचं (कातडी जाळणाऱ्या क्षाराचं) पाणी मेकॅनिकच्या हातावर उडालं. त्याने लगेच नळाखाली हात धरला म्हणून थोडक्यात निभावलं, तोंड तिथे असतं तर डोळे गेले असते.

तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं की किटला प्रेशर सेफ्टी व्हॉल्व आहे त्यामुळे स्फोट होऊच शकत नाही, नळी दबली असेल. अहो, व्हॉल्व कशासाठी असतो? प्रेशर हळूहळू वाढत गेलं तर ते सोडायला. इथे प्रेशर वाढलेलंच नव्हतं, गॅस पेटला. दोन भाग हायड्रोजन एक भाग ऑक्सिजन हे मिश्रण साध्या हवेच्या दाबाला असलं तरी बंद भांड्यात पेटल्यावर दाब क्षणात नऊ-दहा पट होतो, आणि डेटोनेशन (आवाजापेक्षा वेगाने पसरणारा स्फोट) झालं तर अठरा-एकोणीस पट, त्यात ज्वाला सेकंदाला 2800 मीटरच्या आसपास जाते. तो स्प्रिंगचा व्हॉल्व उघडेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आणि नळीत जो नॉन-रिटर्न व्हॉल्व दिलाय तो माशांच्या टाकीत हवेच्या पंपाला लावतात तसला प्लास्टिकचा आहे, तो पाणी उलटं येऊ देत नसेल पण ज्वाला काय अडवणार.

इथल्या एमआयडीसीत गॅस वेल्डिंगवाल्याकडे जाऊन बघा, ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनच्या टाक्या वेगळ्या, दोन्ही गॅस टॉर्चमध्ये येईपर्यंत भेटत नाहीत, तरीसुद्धा तो दोन्ही लाईनला फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्वाला उलटी येताना अडवणारं साधन, लावतो. तुम्ही मात्र दोन्ही गॅस एकाच बाटलीत तयार मिसळून दिलेत आणि बाटली-इंजिनच्या मध्ये ना अरेस्टर, ना पाण्याचा बबलर (गॅस पाण्यातून बुडबुड्यांनी जाऊ देणारी बाटली, म्हणजे ज्वाला पाण्यातच विझते). पेट्रोलच्या टाकीत निदान पेटायला पुरेशी हवा नसते, इथे जळणारं आणि जाळणारं दोन्ही आतच आहे. शुद्ध ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन 4 टक्क्यांपासून 94 टक्क्यांपर्यंत पेटतो. हवेत पेटवायलासुद्धा 0.02 मिलिज्युल पुरतात, म्हणजे हाताला जाणवणारही नाही एवढी स्टॅटिकची ठिणगी बास होते. घरच्या सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून गळती कळते, याला वासच नाही आणि उजेडात ज्वालाही धड दिसत नाही.

दुसरी गोष्ट वायरिंगची. पत्रकात चित्र काढून सांगितलंय की वायर सरळ बॅटरीला जोडा. म्हणजे चावी काढली तरी सेल (पाण्यातून गॅस काढणारा भाग) चालूच, गाडी उभी आहे, बाटलीत गॅस होतोय आणि तो एअर फिल्टरच्या डब्यात साठतोय, मग कुणी स्टार्टर मारला की काय होणार ते आमच्याकडे झालंच. एक लिटर पाण्यातून 1800 लिटरच्या वर हा मिश्र गॅस निघतो. इंजिन बंद झालं की सेलही बंद होईल असा एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) टाकायला किती पैसे लागतात हो?

आणि 'गॅस कमी वाटला तर चिमूटभर मीठ टाका' हे कुणी छापलं? मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन सुटतो. हे वाचून कुणीतरी बंद शेडमध्ये प्रयोग करेल याचा विचारच नाही केला तुम्ही.

मायलेजचं थोडक्यात सांगतो. तुमच्या सहा सेलच्या किटला 10 अँपिअर धरले तर बॅटरीतून 135 वॅटच्या आसपास जातात, गॅसमध्ये जास्तीत जास्त 75 वॅट येतात, इंजिन त्यातले वीससुद्धा धड वापरत नाही, आणि ते 135 अल्टरनेटर पेट्रोल जाळूनच बनवतो. मग तुम्ही सांगता ती 40 टक्के बचत कुठून येणार?

माझं म्हणणं असं आहे की किटचे आणि दुरुस्तीचे पूर्ण पैसे परत करा, मेकॅनिकच्या औषधपाण्याचा खर्च द्या. नवीन बाटली पाठवतो म्हणालात, ती मला नको. पण त्याहून महत्त्वाचं, ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलंय त्या सगळ्यांना आजच मेसेज करा, मराठीत हिंदीत, की बॅटरीची वायर काढा आणि झाकण उघडून बाटली मोकळ्यावर ठेवा, जवळ विडी-काडी नको आणि कॉस्टिकला उघडा हात लावू नका. तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत, माझ्याकडे नाहीत, नाहीतर मीच केले असते. आणि बबलर, अरेस्टर, रिले नसलेलं हे किट विकणं थांबवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगात जाणार आहे. फुटलेली बाटली, झाकण आणि तुमचं पत्रक जपून ठेवलंय, फोटो सोबत जोडलेत. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर पाठवा, तुकडे दाखवू, पण ताब्यात देणार नाही.

आपला,
एक ग्राहक, सांगली
(ऑर्डर नंबर आणि बिल सोबत जोडलंय)