५-९ न म्हणणाऱ्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. वेगळं पाठवलं असतं तर तुम्ही घडी करून कपाटात ठेवलं असतं आणि विषय संपला असता. शिवाय यातलं काही आपल्या इतर हॅम मंडळींच्याही कानावर जायला हवं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. ज्यांना कळायचं त्यांना 'वर्ध्याचे पोस्टकार्डवाले' एवढ्यावरून कळेलच.

जे या छंदात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, घरच्या गच्चीवर तार ताणून इतर हौशी लोकांशी वायरलेसवर बोलणं. माझी तार नागपुरात, नंदनवनातल्या गच्चीवर आहे. साधारण २० मीटरची, ७ मेगाहर्ट्झची. उन्हाळ्यात तिच्याखाली आईच्या कुरड्या वाळतात आणि तारेवर कावळा बसला की दोष माझा असतो. बोलायला परवाना लागतो. पण तारेपलीकडे नुसतं ऐकणारेही असतात. आमच्यात त्यांना शॉर्टवेव्ह लिसनर म्हणतात. काकाजी त्यातले, कुणाचा सिग्नल कसा ऐकू आला ते पोस्टकार्डावर कळवणारे. जुना रिसीव्हर, कानाला हेडफोन, पुढ्यात वही.

दोन हॅम भेटले की एकमेकांना सिग्नलचा रिपोर्ट देतात. पहिला आकडा १ ते ५, शब्द किती कळतात त्याचा. दुसरा १ ते ९, सिग्नल किती जोरात येतो त्याचा. म्हणजे ५-९ हा पैकीच्या पैकी. आता खरं सांगायचं तर आपण सगळे सगळ्यांना ५-९ देतो. समोरच्याचा अर्धा शब्द गळत असतो, मागे कुणाच्या तरी कूलरची मोटर घरघरत असते, तरी 'यू आर फाइव्ह नाइन, भाऊ'. लग्नात जेवण कसं होतं विचारल्यावर कुणी 'वरण आळणी होतं' म्हणतं का? तसंच हे. त्यानं मला ५-९ दिलं, मी त्याला दिलं, दोघं खूश. यात लबाडी कुणाची नाही. बोलणाऱ्याला उद्याही बोलायचं असतं, एवढंच.

तुम्हाला कुणाकडून काही परत घ्यायचं नव्हतं. म्हणून तुमचं पहिलं पोस्टकार्ड आलं तेव्हा त्यावर ५-७ होतं. पन्नास पैशांचं कार्ड, निळी शाई, वेळ भारतीय आणि यूटीसी म्हणजे जागतिक, दोन्हींत, साडेपाच तासांचा फरक नीट वजा केलेला. खाली एक ओळ: आवाजामागे बारीक गुणगुण आहे, बहुधा पॉवर सप्लायची. सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या आमच्या गप्पांत, कुणीच मला हे सांगितलं नव्हतं. बर्डीवरून फिल्टरचा कपॅसिटर आणून बदलला, गुणगुण गेली. नागपूरच्या उन्हात असले कपॅसिटर लवकर सुकतात, हे मला तेव्हा कळलं.

पण खरे आभार पावसाळ्यातल्या कार्डांचे. त्या वर्षी जुलैपासून तुमच्या कार्डांवर एक गोष्ट दिसायला लागली. पाऊस पडून गेला की मी दोन काटे खाली, म्हणजे दुसरा आकडा दोनानं कमी, चार दिवस ऊन पडलं की पुन्हा वर. अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा माझा एसडब्ल्यूआर मीटर मात्र १.२ दाखवत होता, म्हणजे अँटेना उत्तम. उलट पावसात तो आणखीच चांगला दाखवायचा! नेटवर अर्थात ५-९ चालूच. तुमची कार्डं तारखेनं लावून पाहिली तेव्हा उलगडा झाला. रेडिओपासून तारेपर्यंत जाणाऱ्या कोअॅक्स केबलमध्ये वरच्या जोडातून पाणी शिरत होतं. ओली केबल जाताना शक्ती खाते, आणि अँटेनाकडून परत येणारी शक्तीही वाटेतच खाते. परत काही आलंच नाही की मीटरला वाटतं सगळं छान आहे. म्हणजे केबल जितकी खराब, तितका मीटर खूश. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा एक काटा म्हणजे शक्तीत चौपट फरक. दोन काटे म्हणजे माझ्या १०० वॅटमधले तारेपर्यंत पोचायचे सहाच. हे मला गच्चीवर बसून कधीच कळलं नसतं. आपला सिग्नल आपल्याला ऐकू येत नाही. तो दुसरीकडे कुणीतरी ऐकावा लागतो, आणि ऐकून खरं सांगावं लागतं.

संध्याकाळच्या नोंदींबद्दलही लिहायला हवं. नागपूरहून वर्धा पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. एवढ्या जवळ यायला माझा सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनोस्फिअर नावाच्या वातावरणातल्या उंच थरावरून खाली येतो. अंधार पडला की तो थर विरळ होतो, उभा गेलेला सिग्नल आरपार निघून जातो. तिरपा गेलेला मात्र परततो, दूर कुठेतरी. म्हणून गुवाहाटीवाले माझ्याशी गप्पा मारत असतात तेव्हा तुम्हाला मी नसतेच, फक्त ते ऐकू येतात. तुम्ही मी नाहीशी होण्याची वेळ लिहीत गेलात, थंडीतली वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. पुस्तकात हे दोन वाक्यांत असतं. तुमच्या वहीत ते मिनिटांसकट आहे.

आता मंडळींकडे वळते.

नागपुरात धरमपेठेत होणाऱ्या आपल्या हॅम मंडळींच्या बैठकीला काकाजी पॅसेंजरनं येतात. आयुष्यभर अपडाउन केलेला माणूस, वेळेच्या आधी पोचतो. मागच्या खुर्चीत बसतात, तर्री पोहे खातात, ऐकतात, जातात. आणि दर वेळी आपल्यातलं कुणीतरी परीक्षेचं पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवतं. 'काकाजी, द्या ना परीक्षा, काही अवघड नाही जी!' मागे तर एकानं असंही सुचवलं की जे बोलत नाहीत त्यांना यादीतून काढा, उगाच संख्या कशाला फुगवायची. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

इंटरनेटवरच्या गटांतल्या न बोलणाऱ्यांना, तुम्ही गप्प का, असं विचारून संशोधक जेनी प्रीस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास छापला होता. निम्म्याहून जास्त लोकांचं उत्तर होतं, नुसतं वाचणं पुरतं. लाजणारे होते, अजून गट समजून घेतोय म्हणणारेही होते, पण सगळ्यांत मोठं उत्तर हेच. त्यांना काही कमी पडत नव्हतं. आपल्यालाच उगाच वाटतं की गप्प माणूस दारात ताटकळलाय, त्याला आत ओढलं पाहिजे.

आणि ऐकण्याला आपल्या छंदात काही कमी मान नाही. इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या शाळेतले एक शिक्षक आणि त्यांची मुलं साध्या रिसीव्हरवर सोव्हिएत उपग्रह ऐकत बसायची. १९६६ मध्ये त्या नोंदींवरून त्यांनी ताडलं की रशियाचं आणखी एक, जाहीर न केलेलं प्रक्षेपण केंद्र असलं पाहिजे. ते प्लेसेत्स्क निघालं. त्यासाठी त्यांना कुणाशी एक शब्द बोलावा लागला नव्हता.

गप्प बसलेला प्रत्येक जण कान देऊन ऐकत असतो असं मी म्हणत नाही. काही जण नुसत्या पोह्यांना येतात, येऊ द्या बाप्पा. पण कोण कशाला आलाय हे बोलण्यावरून ठरवू नका, आणि ते पुस्तक काकाजींसमोरून उचला. त्यांना हवं असेल तेव्हा ते मागतील.

काकाजी, तुमच्या सगळ्या रिपोर्टांचं उत्तर म्हणून माझं क्यूएसएल कार्ड, म्हणजे सिग्नल पोचल्याची पोच देणारं कार्ड, आज टाकलंय. परवान्याबरोबर मिळणाऱ्या कॉल साइनच्या जागी 'श्रोता, वर्धा' लिहिलं आहे, चालेल ना?

आणि एक काम आहे. तुमच्या संध्याकाळच्या नोंदी पाहून '८० मीटर' म्हणतात त्या लहरलांबीसाठी तार टाकायचं ठरवलं. ३.६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा उभा सिग्नल रात्रीही बहुतेक परत येतो, म्हणजे अंधारानंतर वर्धा सुटायला नको. चाळीस मीटर तार आमच्या गच्चीत मावत नाही, तेव्हा एक टोक शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीला बांधलंय, त्यांना विचारून. येत्या शनिवारी रात्री नऊ ते साडेनऊ मी त्यावर असेन. ऐका, आणि ५-३ असेल तर ५-३च लिहा.

सेव्हन्टी थ्री, म्हणजे आम्हा हॅमांच्या भाषेत शुभेच्छा.

तुमची,
नंदनवनची तारवाली