फलकावरची अक्षरेही कलाच

फलकांवर वाक्ये लिहिणे हा प्रचार आहे, कला नव्हे, हे रविवार पुरवणीतील लेखातले मत पटले नाही. अमेरिकी कलाकार बार्बरा क्रुगर यांचे १९८९चे पोस्टर पाहावे. स्त्रीचा चेहरा मधोमध उभा दुभागलेला, अर्धा निगेटिव्हसारखा. त्यावर लाल पट्ट्यांत पांढरी अक्षरे : तुझे शरीर ही रणभूमी आहे. वॉशिंग्टनच्या गर्भपात-हक्काच्या मोर्चासाठी ते केले होते. क्रुगर आधी मासिकांच्या मांडणीचे काम करत. बाईला माल विकणारी जाहिरातीची भाषा त्यांनी बाईच्याच बाजूने वापरली. यापेक्षा वेगळे कलाकौशल्य ते कोणते? त्याच वर्षी ‘गुरिल्ला गर्ल्स’ या स्त्रीवादी कलाकारांच्या गटाने मोजून दाखवले, की न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) कलासंग्रहालयातील आधुनिक दालनांत स्त्री कलाकार ५ टक्क्यांहून कमी, नग्नचित्रांत मात्र ८५ टक्के स्त्रिया. ही आकडेवारी मांडणारे त्यांचे पोस्टर शहरातील बसगाड्यांवर लागले. संग्रहालयाचे तिकीट न काढताही ते वाचता येत होते.

– एक वाचक, सांगली